कूटबद्ध वाटेची आठवण

हार्बर लाइनच्या डब्यात बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन असतो आणि त्याचा गाभा असतो लिनक्स कर्नल. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या फोनना फाइलनिहाय कूटबद्धीकरण सक्तीचे आहे. लिनक्समध्ये ते काम ‘एफएसक्रिप्ट’ करते. ते फाइलमधला मजकूर झाकते, फाइलचे नाव झाकते आणि सिम्बॉलिक लिंक कुठे नेते तेही झाकते.

मशीद बंदरातली पेढी वाशीच्या मार्केटला हलवणारा व्यापारी जुन्या दारावर नवा पत्ता लिहून जातो, तशी ही लिंक असते. कूटबद्ध लिंकमध्ये तो पत्ता सांकेतिक लिपीत असतो. २०१९ पर्यंत कर्नल या लिंकपाशी येईल त्या प्रत्येक वेळी तो नव्याने उलगडत बसे.

खरी किंमत उलगडण्यापुरती नव्हती. २०११ पासून कर्नल फाइलचा मार्ग शक्यतो ‘आरसीयू-वॉक’ पद्धतीने शोधतो. त्यात कुलपे लावायची नाहीत, संदर्भांची मोजदाद ठेवायची नाही, कशासाठी थांबायचेही नाही. कूटबद्ध लिंक आडवी आली की ही वेगवान चाल सोडावी लागे.

एरिक बिगर्स यांनी सुचवलेला बदल जुलै २०१९ च्या लिनक्स ५.२ मध्ये आला. लिंक पहिल्यांदा उलगडली की उत्तर त्या लिंकच्या इनोडमधल्या, म्हणजे कर्नलने मेमरीत ठेवलेल्या तिच्या नोंदीतल्या, ‘आय-लिंक’ या जागी ठेवायचे. ती जागा रिकामी नसेल तर कर्नल फाइल सिस्टीमला पुन्हा विचारतच नाही, हा नियम आधीपासून होता. त्याचा असा उपयोग करून घेणे मला फार सुंदर वाटते. दोन प्रोसेसरांनी एकाच लिंकचे लक्ष्य एकाच वेळी उलगडले, तर अणुवत तुलना-अदलाबदलीने एकाचीच प्रत टिकते आणि दुसरी मोकळी केली जाते. किल्ली नसताना दिसणारे सांकेतिक रूप मात्र साठवले जात नाही.

विसरणे अधिक अवघड होते. इनोड जात असताना दुसरा कुणी कुलपाविना तोच पत्ता वाचत असू शकतो. म्हणून जुने वाचक संपेपर्यंत, म्हणजे आरसीयूचा अवधी उलटेपर्यंत, ती स्मृती सोडायची नाही. याच आवृत्तीत अल व्हिरो यांनी इनोड मोकळा करण्याचा स्वतंत्र टप्पा आणला होता आणि हे काम त्यावरच बसवले आहे.

उघडा पत्ता मेमरीत राहणे धोक्याचे नाही का? तो इनोडसोबतच जातो. लिनक्स ५.४ पासून किल्ली काढून घेतली, की तिच्या आधारे उघडलेले आणि वापरात नसलेले इनोडही बाहेर काढले जातात. माझ्या मते हा सौदा रास्त आहे.

२०२१ मध्ये या आठवणीचा आणखी एक उपयोग झाला. कूटबद्ध लिंकची लांबी प्रोग्रॅमना चुकीची सांगितली जात होती. खरी लांबी सांगायची तर लक्ष्य उलगडणे भाग होते. उत्तर लक्षात राहत असल्याने तो खर्च पहिल्याच वेळी पडतो.

खारघर, नेरुळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलामुलींनी कर्नलमधली ‘एफएस/क्रिप्टो/हुक्स.सी’ ही फाइल जरूर उघडावी. ती मोठी नाही, टिपा स्पष्ट आहेत आणि वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.