चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ : नामक्रम, कालगणना व साधनें

वर्धा व वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला आणि वैनगंगेच्या पूर्वेस इंद्रावतीपर्यंत पसरलेला अरण्यमय प्रदेश जुन्या कागदपत्रांत ‘चांदा’ या एकाच नांवानें ओळखला जातो. १९८२ सालीं या प्रदेशाचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. त्यामुळें वैरागड, मार्कंडा, अहेरी व सिरोंचा हीं स्थळें आज गडचिरोलींत मोडतात. पण त्यांचे जुने कागद चांद्याच्याच दप्तरांत शोधावे लागतात, हें संग्राहकांनीं प्रथम ध्यानांत ठेवावें.

या प्रदेशावर गोंड राजांनीं शतकानुशतकें राज्य केलें. त्यांची आरंभींची राजधानी सिरपूर, नंतरची बल्लारपूर व अखेरची चांदा. चांद्याचा परकोट, झरपट नदीकांठचें अचलेश्वराचें मंदिर, आणि राणी हिराईनें पति बीरशहा याच्या स्मरणार्थ उभारलेली समाधि हे या घराण्याचे दगडी पुरावे आजहि उभे आहेत. दगडी पुरावा असा भक्कम असतां राजांचा काळ मात्र संशयित राहावा, ही या इतिहासांतील मुख्य अडचण होय. तिचा उलगडा कोणत्या रीतीनें करतां येतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मेजर ल्यूसी स्मिथ यानें १८६९ सालच्या बंदोबस्ताच्या अहवालांत या घराण्याची जी यादी दिली, तीच पुढें बहुतेक लेखकांनीं उचलली. तींत भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंत १९ राजे असून आरंभ इ. स. ८७० व शेवट १७५१ असा मांडला आहे. यांपैकीं शेवटचा आंकडा निर्विवाद आहे. कारण त्या वर्षीं रघूजी भोसल्यांनीं चांदा घेतलें व नीळकंठशहा बंदींत पडला. परंतु ८८१ वर्षें १९ राजांत वांटलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास सरासरी ४६ वर्षें येतात. एखादा राजा इतकीं वर्षें राज्य करूं शकतो. ओळीनें एकोणीस राजांची सरासरी इतकी असणें मात्र कोणत्याहि राजकुलाच्या अनुभवास धरून नाहीं.

आतां स्वतंत्र पुरावा पाहूं. अबुल फजलानें आपल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत चांद्याच्या बाबाजी नामक गोंड जमीनदाराचा उल्लेख केला आहे. त्याच्यापाशीं एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचें तो लिहितो; हिऱ्यांची खाण असलेलें वैरागड बाबाजीनें नुकतेंच दुसऱ्या एका सरदाराकडून जिंकलें होतें, असेंहि तो सांगतो. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. वरील यादींत बाबाजी बल्लाळशहा चौदावा असून त्याचा काळ १४४२ ते १५२२ असा दिला आहे. म्हणजे एक तर अबुल फजलानें सत्तर वर्षांपूर्वीं वारलेल्या राजास जिवंत म्हटलें, किंवा यादींतील वर्षें चुकलीं. समकालीन दरबारी लेखकाचा उल्लेख आणि मागाहून रचलेलें कोष्टक यांत विरोध आला असतां पहिलाच पक्ष ग्राह्य धरला पाहिजे.

तो ग्राह्य धरून गणित केलें तर चित्र पालटतें. बाबाजीचा राज्यारंभ अजमासें १५७५ धरावा आणि त्याच्या मागील तेरा राजांस प्रत्येकीं २५ वर्षें द्यावीं. मग घराण्याचा आरंभ १२५० च्या सुमारास येतो, ८७० स नव्हे. चांदा वसविणारा म्हणून परंपरेनें गौरविलेला खांडक्या बल्लाळशहा यादींत दहावा आहे; त्याचा राज्यारंभ याच हिशेबानें १४७५ च्या आसपास पडतो. सरासरीचें गणित पांच-दहा वर्षांचा वाद मिटवीत नाहीं; परंतु शतकांची चूक तें निश्चित उघडी पाडतें.

नांवांच्या बाबतींतहि सावधगिरी हवी. १६६७ सालीं औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. यादीप्रमाणें त्या वेळीं बीरशहा गादीवर असावयास पाहिजे. पण फारसी तवारिखांत खंडणी देणाऱ्या राजाचें नांव मानजी मल्लार असें येतें. ‘मल्लार’ हें ‘बल्लाळ’ या कुलनामाचेंच रूपांतर असावें असें आम्हांस वाटतें. एकाच पुरुषाचें घरांतील नांव, राज्यारोहणाचें नांव आणि परकीय लेखकाच्या कानावर पडलेलें नांव हीं तीन निरनिराळीं असूं शकतात. एवढ्यावरून एकाचे दोन राजे करूं नयेत.

याचा अर्थ सारी यादी त्याज्य, असा मात्र नव्हे. वंशपरंपरा मुखोद्गत ठेवण्याचें काम गोंड समाजांत परधानांकडे असे. किकरीच्या साथीवर ते यजमानाच्या कुळाची उत्पत्ति व कीर्ति विवाहादि प्रसंगीं गातात. अशा परंपरेंत क्रम टिकतो, वर्षें टिकत नाहींत. कारण गाणाऱ्यास पूर्वजांचें नांव हवें असतें, शक नको असतो. वर्षांचा रकाना लिहिणाऱ्यानें मागाहून भरलेला असतो. म्हणून त्या रकान्यासाठीं परधानास दोष देणें हा अन्याय होय. शिवाय भावांनीं एकामागून एक राज्य केलें असेल तर राजे दोन व पिढी एक होते. याच यादींत भूमा व लोकबा यांचें राज्य संयुक्त म्हटलें आहे.

राजवंशाखेरीज सामान्य कुळांच्या वंशावळींचें मोठें साधन या भूमीच्या रचनेंतच दडलें आहे. हा मुलूख भाताचा व तलावांचा. जो रान तोडून गांव वसवील किंवा तलाव बांधील त्यास जमीन सनदेनें द्यावी, असें गोंड राजांचें धोरण होतें. अशा तलावाच्या देणगीस ‘तुकूम’ म्हणत. तें नांव आजहि गांवांना व वस्त्यांना चिकटलेलें आढळतें. जेथें तुकूम तेथें कोणे एके काळीं सनद होती, आणि जेथें सनद तेथें वारस सिद्ध करण्यासाठीं पिढ्यांची नोंद होणें ओघानेंच आलें. भोसल्यांच्या अमलांतील मोडी कागद, आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनीं केलेल्या बंदोबस्ताच्या मिसली व वाजिब-उल-अर्ज यांत ही साखळी पुढें चालते.

अशा महसुली कागदांची किंमत आयर्लंडकडे पाहून समजावी. १९२२ सालीं डब्लिन येथील दप्तरखाना यादवी युद्धांत जळाला व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील शिरगणतीचे बहुतेक कागद नष्ट झाले. तेव्हांपासून तेथील परगण्यांतील कुळांचा शोध १८४७ ते १८६४ या काळांत छापलेल्या ग्रिफिथच्या जमीन-आकारणीवर मुख्यत्वें अवलंबून राहिला. आकारणी करासाठीं झाली. उपयोगीं पडली वंशशोधकांना. आपल्याकडे १९५१ सालीं मालगुजारी संपली आणि तिचे कागद घरोघर निरुपयोगी ठरले. सरकारी दप्तरांतील प्रत वाचेल. घरांतील प्रत वाळवीच्या व रद्दीच्या हवालीं होत आहे.

म्हणून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवितों. सनद हातीं येतांच तिची मिती, सन व शिक्का जसाच्या तसा उतरून घ्यावा. फसली सन व शक यांचा घोळ येथेंच होतो. कागद ज्या गांवीं व ज्या घरांत मिळाला त्याची नोंद त्याबरोबर ठेवावी. स्थळापासून तुटलेली सनद निम्मी मुकी होते. आणि परधानाच्या तोंडची वंशावळ उतरतांना त्यानें न सांगितलेलीं वर्षें तींत घालूं नयेत. बाबाजीचा काळ ठरविण्यास परकीय दरबारच्या लेखकाची एक ओळ पुरली; एखाद्या मितीयुक्त गोंड सनदेनें खांडक्याचा काळहि तसाच ठरेल. ती सनद असलीच तर सरकारी कपाटांपेक्षां एखाद्या तलावाखालच्या जुन्या घरांत असण्याचा संभव अधिक आहे.