टर्बोचे तोंड वळवताना...

जळगाव/धुळे, प्रतिनिधी

खान्देशातला मे महिना माणसांइतकाच इंजिनांचाही अंत पाहतो. जळगाव, भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की हवा विरळ होते आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी किंवा धुळ्याहून शिरपूरमार्गे बिजासन घाटाला लागलेली, माणसांनी भरलेली जुनी डिझेल जीप धापा टाकू लागते. गाडीला टर्बो आहे, पण इंटरकूलर नाही, अशी स्थिती असेल तर तो बाहेरून बसवून घेण्याचा विचार मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कल्पना शास्त्राला धरूनच आहे. घोडे अडते ते टर्बो आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या पाइपापाशी.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती आजही मुळात बदललेली नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. या चाकांची गती मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही पुढे जाते. मात्र दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, तोच हा प्रकार.

हे तापणे किती, याचा हिशेब खान्देशच्या उन्हाळ्याला लावून पाहण्यासारखा आहे. बाहेर ४५ अंश तापमान असताना टर्बोने हवेचा दाब १.८ पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १२८ अंशांवर पोहोचते. इंटरकूलरने या वाढीपैकी ७० टक्के उष्णता काढून घेतली, तर तीच हवा ७० अंशांच्या आसपास येते. थंड हवा जागा कमी व्यापते. परिणामी, पाइपातील दाबाची थोडी घट वजा जाता, सायलिंडरमध्ये सुमारे १४ टक्के अधिक हवा मावते. घाटात हा फरक जाणवतो.

ज्या गाडीला कंपनीने इंटरकूलर दिलेला नाही, तिच्या टर्बोचे तोंड थेट इंजिनाच्या हवा घेणाऱ्या नळीकडे वळलेले असते. इंटरकूलर बसणार रेडिएटरपुढे. म्हणजे तोंड वळवणे आले. बहुतेक टर्बोंमध्ये हवेकडचे शंखाकृती ॲल्युमिनियमचे कवच मधल्या भागाला बोल्टने किंवा सर्क्लिपने जोडलेले असते. ते सैल करून कवच हव्या त्या कोनात फिरवता येते. ऐकायला सोपे वाटते, पण दाब मर्यादेत ठेवणाऱ्या ॲक्चुएटरची पट्टी अनेकदा याच कवचावर बसवलेली असते. कवच फिरले की ॲक्चुएटरही फिरतो आणि त्याची दांडी तिरकी होऊन अडकते. झडप वेळेवर उघडली नाही, तर दाब वाढत जाऊन इंजिनाच्याच जिवावर बेतते. त्यामुळे नवी पट्टी तयार करून दांडी सरळ रेषेत आणावी लागते. मधला भाग मात्र सहसा हलवू नये. बेअरिंगमधले ऑइल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्याची परतीची वाट उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांपेक्षा अधिक कलली, तर ऑइल तुंबते, सीलमधून झिरपते आणि निळा धूर दिसू लागतो.

नुसते फिरवून भागले नाही, तर तोंड कापून त्याला आरगॉन वेल्डिंगने एल्बो जोडण्याचा मार्ग उरतो. हे काम कवच पूर्ण उतरवूनच व्हायला हवे. कानशीचा एक बारीक कीसही आत राहिला, तर तो इंजिनात जातो. शिवाय चाक आणि कवच यांतील फट मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने कवच किंचित जरी वाकले, तरी पाती घासतात. म्हणून जोडणीनंतर लेथवर मोजमाप अपरिहार्य ठरते, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

पाइपांच्या उद्योगासाठी जळगावचे नाव देशभर घेतले जाते, पण शेतातला पीव्हीसी पाइप येथे कामाचा नाही. ८० अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो. साधा रेडिएटर होजही ऑइलच्या वाफेने फुगतो. ॲल्युमिनियमचा पाइप, टोकाला उठावाची कडा, सांध्यावर सिलिकॉनचा होज आणि मजबूत क्लॅम्प हीच जोडणी टिकते. इंजिन हलते, इंटरकूलर हलत नाही. तो हिसका सांध्यातल्या होजनेच सोसायचा असतो. पाइप गरजेपेक्षा जाड असल्यास दाब उशिरा तयार होतो, वळणे जास्त असल्यास तो वाया जातो.

इंटरकूलरमुळे रेडिएटरला मिळणारा वाराही अडतो, हे येथील हवामानात विसरून चालणार नाही. हवा थंड झाली आणि पाणी उकळले, तर सगळाच खटाटोप फुकट. शिवाय नुसत्या हवेने ताकद फारशी वाढत नाही. म्हणून जुन्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा मोह होतो. ते प्रमाणाबाहेर गेले की काळा धूर निघतो आणि टर्बोच्या गरम बाजूवर ताण येतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर सेन्सरच सगळे ठरवतात. तेथे असा प्रयोग न केलेलाच बरा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गाडी एमएच-१९ ची असो वा एमएच-१८ ची, काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करणे आणि विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे.

हे सारे करून गाडी रस्त्यावर आली, तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक क्लॅम्प पुन्हा आवळून पाहावा. चढावर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि पाठोपाठ काळा धूर दिसला, तर सांधा सुटल्याचे समजावे.