खाऱ्या पाण्यातील जिवाणूंची ओळख : समुद्रापासून लोणारपर्यंत

जून २०२० मधील गोष्ट. टाळेबंदीचे दिवस होते. बँकेच्या काउंटरसमोर तोंडाला रुमाल बांधलेल्या खातेदारांची रांग असे आणि त्या रांगेत एकच विषय चाले : लोणारचे पाणी लाल झाले. पेन्शन घ्यायला आलेले एक वृद्ध गृहस्थ काचेजवळ वाकून म्हणाले, "सायेब, आंधीच हा रोग आला अन् आता तळ्याचं पानी लाल झालं म्हन्ते. काईतरी इपरीत होनार पाहा." आम्ही म्हणालो, "काही होत नाही, बाबाजी." पण का होत नाही, हे आम्हाला सांगता आले नाही.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. तरी तो प्रश्न मनात रुतून बसला. मिळेल ते वाचले, विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांना विचारले, आणि एका तळ्याच्या रंगापासून निघालो ते थेट समुद्रापर्यंत जाऊन पोहोचलो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची ओळख शास्त्रज्ञ कशी पटवतात, त्याचा वर्ग कसा ठरवतात आणि त्याला नाव कसे देतात, हे आपल्या संस्थेच्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खाऱ्या पाण्यातील अदृश्य वस्ती

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारणपणे दहा लाख जिवाणू असतात. म्हणजे चहाच्या चमच्याभर पाण्यात पन्नास लाख! यांतील बहुतेक आपल्याला कोणताही अपाय करीत नाहीत. मेलेल्या जीवांचे विघटन करून ते त्यांतील द्रव्ये पुन्हा उपयोगात आणतात. पृथ्वीवरील जवळजवळ निम्मे प्रकाशसंश्लेषण समुद्रात होते आणि त्यातही अशा सूक्ष्म जीवांचा वाटा मोठा आहे. आपण वाशिमला घेतो त्या श्वासाशीही दूरच्या समुद्रातील या वस्तीचा संबंध आहे.

आपल्या जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण खारे पाणी मात्र शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, रिसोडमार्गे काही तासांत गाठता येईल एवढ्या अंतरावर आहे. लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तळ्यात पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. ते फक्त उन्हाने आटते आणि क्षार मागे राहतात. या क्षारांत सोड्याचे प्रमाण मोठे असल्याने पाणी केवळ खारट नाही, तर तीव्र अल्कधर्मी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८, तर लोणारचा सुमारे १०. फरक दोनाचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असल्याने हा फरक शंभरपटीचा होतो. अशा पाण्यात मासे टिकत नाहीत, पण सूक्ष्म जीवांची वस्ती मात्र दाट आहे. तळ्याला एरवी जो हिरवा रंग दिसतो तोही निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवांचाच.

लोणार म्हणजे समुद्र नव्हे. परंतु दोन्हीकडील जिवाणूंची ओळख पटवण्याची रीत मुळात एकच आहे. ती आता पाहू.

ओळख पटवण्याची रीत

पहिली पायरी नमुना घेण्याची. निर्जंतुक बाटलीत पाणी वा गाळ घ्यायचा. ठिकाण, खोली, तापमान, सामू यांची नोंद करायची आणि नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. नोंद चुकली तर पुढचे सारे काम वाया जाते. कीर्दीतील पहिलाच आकडा चुकल्यावर काय होते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी जिवाणू वाढवण्याची. जिवाणूंना अन्न लागते आणि ते पसरायला घट्ट पृष्ठभाग लागतो. यासाठी अगर नावाचा पदार्थ वापरतात. तो समुद्री शेवाळापासून काढतात. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१-८२ च्या सुमारास जिलेटिन वापरीत, पण ते उन्हाळ्यात वितळून जाई. तेथील एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेस्से स्वयंपाकात अगर वापरीत. तो वापरून पाहा, असे त्यांनी सुचवले. आज जगातील प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगर आहे. स्वयंपाकघरातील शहाणपणाने विज्ञानाची एवढी मोठी अडचण दूर केली, ही गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावी.

समुद्रातील जिवाणूंसाठी या अगरमध्ये समुद्राच्या पाण्यासारखे क्षार घालतात. लोणारच्या जिवाणूंसाठी सामूही चढा ठेवावा लागतो. काही दिवसांनी बशीत ठिपके उमटतात. एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका म्हणजे एक वसाहत. त्यातील कणभर भाग पुन्हा नव्या बशीत, तेथून पुन्हा तिसऱ्या बशीत, असे करीत भेसळ काढून टाकतात. शुद्ध वाण हाती आल्याशिवाय ओळखीला सुरुवात होत नाही.

तिसरी पायरी चाचण्यांची. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये शोधलेल्या रंगपद्धतीने जिवाणूंचे दोन मोठे गट पडतात. जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम-धन आणि सोडून देणारे ते ग्रॅम-ऋण. मग सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहायचा : गोल, दांडीसारखा, की स्वल्पविरामासारखा वाकडा. तो हालचाल करतो का, किती मिठात वाढतो, किती तापमानात जगतो, कोणती साखर खातो, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे घ्यायची. एकाच चाचणीवर विसंबायचे नाही. नोट खरी की खोटी हे पाहताना आम्ही नुसता रंग पाहत नाही. कागद, जलचिन्ह, सुरक्षा धागा, छपाई, सारे पाहतो. तसेच हे आहे.

परंतु येथे एक मोठी अडचण येते. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर जिवाणू दिसले तर बशीत जेमतेम एखादाच वाढतो. बाकीच्यांना आपण दिलेले अन्न मानवत नाही. मग त्यांची नोंद कशी करायची? यासाठी चौथी पायरी आली, जनुकाची. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणारी यंत्रणा असते. तिच्यातील एका भागाच्या जनुकाला १६ एस म्हणतात. हे जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचे असून पिढ्यान्पिढ्या ते अतिशय सावकाश बदलते. दोन जिवाणूंची ही अक्षरे शेजारी ठेवून ताडली की त्यांचे नाते किती जवळचे, हे कळते. जुळणी साधारण ९८.७ टक्क्यांहून कमी आली तर जिवाणू नवा असण्याचा संभव मोठा. त्याहून जास्त आली तर संपूर्ण डीएनए ताडून पाहतात. तेथे सरासरी ९५-९६ टक्के जुळणी ही एका जातीची सीमा धरतात.

या रीतीने समुद्रातील एका अतिविपुल जिवाणूगटाचा पत्ता १९९० मध्ये केवळ जनुकावरून लागला. प्रयोगशाळेत तो वाढवायला २००२ साल उजाडले. बशीत दिसला नाही म्हणून तो नव्हता असे नाही. आपल्या खातेवहीत नाव नसलेला माणूस गावात नसतोच, असे कोणता कारकून म्हणेल?

नाव आणि नमुना

ओळख पटली, जिवाणू नवा निघाला, की नाव देतात. नावाचे दोन भाग : पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. नुसते नाव देऊन भागत नाही. त्या जिवाणूचा जिवंत नमुना निदान दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्या देशात चंदीगड व पुणे येथे असे मोठे संग्रह आहेत. आमच्या भाषेत सांगायचे तर ही नमुना सही होय. पुढे कोणालाही शंका आली तर त्याने मूळ सहीशी ताडून पाहावे.

आता आपल्या लोणारकडे येऊ. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी लोणारच्या पाण्यातून जे जिवाणू वेगळे केले, त्यांतील काही जगाला सर्वस्वी नवे निघाले. २०१० मध्ये 'इंडिबॅक्टर अल्कलीफिलस' या नव्या वंशाची व जातीची नोंद झाली. पहिल्या शब्दात आपल्या देशाचे नाव आहे आणि दुसऱ्याचा अर्थ अल्कप्रेमी. त्याच वर्षी 'निट्रिटालिया हॅलअल्कलीफिला' आला. २०१२ मध्ये 'सेसेंबिया लोनारेन्सिस' आला. यातील पहिला शब्द सीसीएमबी या आद्याक्षरांवरून घडवला आहे आणि दुसरा आपल्या लोणारवरून. जगातल्या कोणत्याही देशात या जिवाणूवर काम करणाऱ्याला लोणार हे नाव उच्चारावेच लागते. आमच्या भागातील किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

लाल रंगाचा उलगडा

२०२० मध्ये वनखात्याने तळ्याच्या पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले की हा रंग मीठप्रेमी सूक्ष्म जीवांचा आहे. पाऊस नसल्याने व उष्णतेमुळे पाणी आटले, क्षार वाढले आणि गुलाबी रंगद्रव्य बनवणारे हे जीव भराभर वाढले. नमुन्याचे पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ दिसू लागले. रंग पाण्याचा नव्हताच.

यात आणखी एक मौजेची गोष्ट आहे. अनेकांनी या जीवांना जिवाणू म्हटले, पण शास्त्राच्या दृष्टीने ते जिवाणू नव्हेत. ते आर्किया. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात, म्हणून दीर्घकाळ त्यांना एकाच वर्गात घातले जाई. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी वर सांगितलेल्या जनुकाच्या मार्गाने दाखवून दिले की आर्किया ही सजीवांची अगदी स्वतंत्र शाखा आहे. वरकरणी रूप पाहून केलेले वर्गीकरण विद्वानांनाही किती काळ चकवते, याचे हे उदाहरण आहे.

'जाती' या शब्दाविषयी

येथे एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक वाटते. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'जाती' हा शब्द येतो. आमच्या समाजातील वाचकाला तो वाचताना ठेच लागणे साहजिक आहे, आम्हालाही लागली. पण शास्त्रातील जाती आणि समाजाने लादलेली जात यांत महदंतर आहे. शास्त्रातील जातीत कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. ती पुराव्यावर ठरते, पुरावा सर्वांसाठी खुला असतो, कोणीही तो तपासू शकतो आणि नवा पुरावा आला की वर्ग बदलतो. १९९२ मध्ये 'स्यूडोमोनास' वंशातील काही जिवाणूंना तेथून काढून 'बुर्खोल्डेरिया' हा नवा वंश करण्यात आला. कोणाची प्रतिष्ठा गेली नाही, उलट ज्ञान वाढले. आणि माणसांपुरते पाहिले तर शास्त्राच्या वहीत सर्व माणसांची जाती एकच आहे.

ओळख चुकली तर

ही सारी खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पटकीचे उदाहरण घ्या. पटकीचा जिवाणू 'व्हिब्रिओ कॉलेरी' हा मुळात खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा, तेथील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असणारा. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, पण साथ पसरवणारा म्हणून ओ-१ हा एकच ठाऊक होता. १९९२ च्या अखेरीस मद्रासकडे पटकीचे रोगी येऊ लागले आणि जिवाणू ओ-१ च्या चाचणीत बसेना. तपासाअंती तो नवा प्रकार निघाला. त्याला ओ-१३९ असा क्रमांक मिळाला. जुन्या पटकीतून प्रतिकारशक्ती आलेली प्रौढ माणसेही त्याला बळी पडत होती. ओळख पटली म्हणूनच हे कळले.

याच ओळखीचा दुसरा लाभ बांगलादेशात झाला. जिवाणू सूक्ष्म प्राण्यांना चिकटून येतो हे कळल्यावर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग गावोगाव झाला. २००३ मध्ये त्याचे फळ प्रसिद्ध झाले : पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले. पाणी उकळणे केव्हाही उत्तम, पण सरपण नसलेल्या घराला साडीची घडीही आधार देते.

आमच्या घरचाही अनुभव सांगतो. आमच्या पुतण्याचा ताप उतरेना. बारा दिवस अंदाजाने औषधे बदलत गेली. शेवटी मोठ्या शहरात रक्त तपासले, जंतू वाढवला, तो टायफॉइडचा निघाला, त्याला कोणते औषध लागू पडते तेही पाहिले आणि मग ताप उतरू लागला. तेथील डॉक्टर म्हणाले, औषधे सुरू होण्याआधीच रक्त घेतले असते तर जंतू लवकर सापडला असता. आधी ओळख, मग उपाय. हा धडा आम्हाला महागात मिळाला.

विद्यार्थी मित्रांनो

सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय घेऊन बी. एस्सी. करता येते आणि पुढे पुणे, हैदराबाद, चंदीगड येथील संस्थांची दारे आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. विषय घ्यायला घर समुद्राकाठी असावे लागत नाही. लोणारला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण दर्जाने तळे राखले जात नाही. तळ्यात सांडपाणी आणि गोडे पाणी वाढत गेले तर त्याचा क्षारगुण बदलेल आणि ज्यांची अजून नोंदही झाली नाही असे जीव नोंदीआधीच नाहीसे होतील. ही नोंद आपल्या भागातील मुलामुलींनी का करू नये?

पुढे तळ्याचा लाल रंग ओसरला. ते बाबाजी पुन्हा पेन्शनला आले तेव्हा आम्ही त्यांना बाजूला बसवून हे सारे सांगितले. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग हे आंधीच काऊन नाई सांगतलं, सायेब?"

त्यांच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर म्हणून हा लेख.