चैत्रातली सांदवाडी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत घरामागच्या कुंपणातील परसबागेला सांदवाडी म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये धान कधीच घरात आलेले असते, शेत मोकळे असते आणि कुटुंबाचे लक्ष मोहफुलांकडे वळते. मोहाची फुले रात्रभर व पहाटे गळतात, म्हणून मुलांसह सारे घर उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचते. ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपते आणि फुले अंगणात वाळत पडतात. सारवलेल्या जमिनीवरचा तो पिवळसर थर, त्याचा गोड, जड वास ही इथल्या उन्हाळ्याची खरी शोभा आहे.

पुढे पारा 45 अंशांपलीकडे जातो. तेव्हा सांदवाडीत जगते ते विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्याजवळचे. कारली, दोडक्याचे वेल मांडवावर चढतात. खाली सावली मिळते ती मिरची-वांग्याला. आळ्यात धानाचे तणस पसरले की ओल टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. दुपारी दिलेले बरेचसे वाफ होऊन जाते.

मोगऱ्याला मात्र हाच उन्हाळा मानवतो. हिवाळा सरताना छाटणी केली की नव्या फुटीवर कळ्या येतात. त्या संध्याकाळी उमलतात, म्हणून गजऱ्यासाठी मिटलेल्याच खुडतात. असे एक झुडूप प्रत्येक दाराशी असायलाच हवे.

मे महिन्यात तेंदूपाने तोडून त्यांचे पुडे बांधण्याची धावपळ सुरू होते आणि बागेचे पाणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे येते.