तक्रारदार नसलेला गुन्हा

मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रफीत कुणी अपलोड केली, तर तिची पहिली नोंद बहुतेकदा आपल्या पोलीस ठाण्यात होत नाही, अमेरिकेत होते. तिथल्या कायद्यानुसार इंटरनेट कंपन्यांना असा मजकूर लक्षात येताच ‘एनसीएमईसी’ या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवावंच लागतं. या संस्थेशी आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने (एनसीआरबी) २०१९ मध्ये करार केला. तेव्हापासून भारताशी संबंधित नोंदी दिल्लीमार्गे राज्यांकडे येतात.

नोंदीत इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता आणि वेळ असते. खरी मेख इथेच आहे. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. त्यांना वेगळं ओळखू देणारा पोर्ट क्रमांक मिळाला नाही तर संशयितांची रांगच लागते. शिवाय वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर पोलीस भलत्याच्याच दारात!

माणूस सापडला की पंचांसमोर फोन जप्त होतो. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेला, बोटांच्या ठशासारखा आकडा, पंचनाम्यात नोंदवतात. पुढे एक बिट जरी बदलला तरी हा आकडा जुळत नाही. फोनमध्ये अशी फाइल सापडल्यावर ‘मी फक्त साठवलं होतं’ ही सबब आता सहजी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याबाबत कडक भूमिका घेतली.

माझ्या मते आरोपीपेक्षा मूल शोधणं अवघड. गणवेश, भिंतीवरचं कॅलेंडर, मागून येणारा आवाज, अशा धाग्यांवरून माग काढावा लागतो. मूल सापडल्यावर त्याचा जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते, तोही गणवेश न घालता. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यातच तसं लिहिलं आहे.