हौशी रेडिओचालकांचे उपग्रहमार्गे संदेशवहन : 'हॅमसॅट'च्या संदर्भात

प्रास्ताविक

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथील दुसऱ्या प्रक्षेपणतळाचा प्रथमच उपयोग करून पीएसएलव्ही-सी६ हा प्रक्षेपक अवकाशात झेपावला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम त्या प्रसंगी उपस्थित होते. या उड्डाणाची दखल घेतली गेली ती प्रामुख्याने कार्टोसॅट-१ या सुमारे १५६० किलोग्रॅम वजनाच्या मानचित्रण उपग्रहामुळे. त्याच्यासमवेत 'हॅमसॅट' नावाचा ४२.५ किलोग्रॅमचा एक लहान उपग्रहही कक्षेत गेला होता. हा उपग्रह कोणत्याही शासकीय खात्याच्या, प्रसारण संस्थेच्या किंवा दूरध्वनी कंपनीच्या उपयोगासाठी नव्हता. तो होता हौशी रेडिओचालकांसाठी. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय हौशी रेडिओचालकांनी भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला, तर दुसरा नेदरलँड्समधील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने तयार केलेला. जगभरच्या हौशी रेडिओचालकांमध्ये हा उपग्रह 'व्हीओ-५२' या नावाने ओळखला गेला.

हौशी रेडिओसेवा, म्हणजेच बोलीभाषेतील 'हॅम रेडिओ', ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मान्य केलेली एक स्वतंत्र सेवा आहे. स्वयंशिक्षण, परस्पर संदेशवहन आणि तांत्रिक अन्वेषण हे तिचे हेतू असून तिच्यात अर्थप्राप्तीचा उद्देश असता कामा नये, ही तिच्या व्याख्येतीलच अट आहे. भारतात शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविणाऱ्यास 'व्हीयू' या अक्षरांनी आरंभ होणारे संकेतनाम दिले जाते. 'हौशी' या शब्दामुळे हा केवळ फावल्या वेळचा छंद असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. उपग्रहमार्गे चालणाऱ्या संदेशवहनाचे स्वरूप पाहता मात्र तो समज टिकत नाही. हे संदेशवहन कसे घडते, त्यातील शिस्त कोणत्या भौतिक कारणांतून निर्माण झाली आणि महाविद्यालयांचा त्याच्याशी कोणता संबंध येतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऑस्कर मालिका

स्पुटनिकनंतर अवघ्या चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातील हौशी रेडिओचालकांनी तयार केलेला 'ऑस्कर-१' हा उपग्रह अमेरिकन हवाई दलाच्या प्रक्षेपकावरून कक्षेत गेला. त्याचे वजन जेमतेम साडेचार किलो होते व प्रक्षेपकाची शक्ती एका वॉटच्या सातव्या हिश्शाइतकी होती. तो मोर्स लिपीत एच व आय ही दोनच अक्षरे पुनःपुन्हा पाठवीत असे. (तारयंत्रावरील हौशी संभाषणात ही अक्षरे हसण्याची खूण मानली जातात.) परंतु ती अक्षरे पाठविण्याचा वेग उपग्रहाच्या अंतर्भागातील तापमानानुसार बदलत असल्याने, दोन टिपणांमधील काळ मोजणाऱ्या कोणालाही अवकाशातील तापमान कळू शकत होते. विद्युतघट तीन आठवडे टिकले. तेवढ्या अवधीत २८ देशांतील ५७० हून अधिक श्रोत्यांनी आपली निरीक्षणे कळविली. मोजमापाचे साधन एकाचे आणि मोजणारे जगभर विखुरलेले, ही या क्षेत्राची पुढील सहा दशकांची पद्धत पहिल्याच उपग्रहाने घालून दिली, असे म्हणता येईल.

१९६५ मधील ऑस्कर-३ वर प्रथमच ट्रान्सपाँडर बसविण्यात आला. म्हणजे उपग्रह स्वतःचेच बोलणे ऐकविण्याऐवजी इतरांचे बोलणे पुढे पोहोचवू लागला. १९६९ मध्ये 'ॲमसॅट' ही संस्था स्थापन झाली. ऑस्कर-६ व ऑस्कर-७ यांच्या साहाय्याने संकटग्रस्त विमानांचे व जहाजांचे स्थान शोधण्याचे प्रयोग झाले व त्यांतून पुढे कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेस पूर्वानुभव मिळाला, ही गोष्ट या विषयाबाहेरील वाचकांस फारशी परिचित नाही.

उपग्रहाची एक फेरी

हॅमसॅटची कक्षा भूपृष्ठापासून सुमारे ६२१ ते ६३२ किलोमीटर उंचीवर, ध्रुवांजवळून जाणारी होती. एका प्रदक्षिणेस सुमारे ९७ मिनिटे लागत. या उंचीवरून भूपृष्ठाचा जो वर्तुळाकार भाग दिसतो त्याची त्रिज्या सुमारे २७०० किलोमीटर येते. दोन्ही रेडिओचालक एकाच वेळी या वर्तुळात असले, तरच त्यांच्यात थेट संवाद होऊ शकतो. उपग्रह नागपूरच्या आसपास असता संपूर्ण भारतीय उपखंड या वर्तुळात सामावतो. पण वर्तुळ स्थिर नसते. एखाद्या गावाच्या बरोबर माथ्यावरून जाणारा उपग्रहदेखील क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जास्तीत जास्त तेरा मिनिटे दिसतो; बाजूने जाणारा त्याहून कमी. उगवताना त्याचे अंतर सुमारे २९०० किलोमीटर असते, तर माथ्यावर अवघे ६३०. अंतराच्या वर्गाच्या नियमानुसार माथ्यावरील उपग्रहाचा संकेत क्षितिजावरील संकेताच्या सुमारे एकवीस पट प्रबळ असतो. रेडिओचालक हातातील यागी अँटेना उपग्रहाच्या मागोमाग फिरवीत राहतो, त्याचे कारण मुख्यतः क्षितिजाजवळील या क्षीणतेत आहे.

भूमीवरून उपग्रहाकडे जाणारा संकेत ४३५ मेगाहर्ट्झच्या व उपग्रहाकडून येणारा संकेत १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास असे. ही निवड सहेतुक होती. दोन्ही टोकांना साध्याच अँटेना आहेत असे धरल्यास वारंवारता तिप्पट होताच पोहोचणारी शक्ती नवव्या हिश्शावर येते. भूमीवरील माणसास शक्ती वाढविता येते, उपग्रहास सूर्यपट्ट्यांवर भागवावे लागते. म्हणून अवघड वाट माणसाकडे व सोपी वाट उपग्रहाकडे देण्यात आली.

यानंतर येतो डॉप्लर परिणाम. पदवीच्या पहिल्या वर्षी तो रेल्वेच्या शिटीच्या उदाहरणाने शिकविला जातो व बहुधा तेथेच सोडून दिला जातो. उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर असल्याने उगवतीच्या वेळी १४५ मेगाहर्ट्झचा संकेत सुमारे ३.३ किलोहर्ट्झने चढलेला आणि मावळतीस तेवढाच उतरलेला ऐकू येतो. ४३५ मेगाहर्ट्झवर हाच फरक सुमारे १० किलोहर्ट्झ होतो. एकपार्श्वपट्ट पद्धतीच्या ध्वनिसंदेशास मिळून तीनेक किलोहर्ट्झची जागा लागते व त्यात काहीशे हर्ट्झ चुकले तरी बोलणाऱ्याचा आवाज चिरका किंवा घोगरा होतो. हे लक्षात घेतल्यास रेडिओचालकाची एका हाताने अँटेना व दुसऱ्या हाताने वारंवारतेची खुंटी फिरविण्याची धावपळ समजू शकते. हॅमसॅटचे ट्रान्सपाँडर 'उलटविणारे' होते, म्हणजे वर जाताना पट्ट्यात उच्च असलेली वारंवारता खाली येताना नीच होत असे. त्यामुळे जातानाचा डॉप्लर फरक येतानाच्या फरकातून वजा होऊन १३ ऐवजी सहा-सात किलोहर्ट्झच उरत असे. इतक्या साध्या युक्तीने एवढे काम व्हावे, ही या रचनेतील विशेष रमणीय बाब होय.

सामायिक शक्तीची शिस्त

हॅमसॅटच्या ट्रान्सपाँडरचा पट्टा ६० किलोहर्ट्झ रुंद होता. कागदावरील हिशेबाने त्यात वीस संभाषणे एकाच वेळी मावतात. परंतु उपग्रहाची एकूण प्रक्षेपणशक्ती सुमारे एका वॉटचीच होती व ती पट्ट्यातील सर्व संकेतांमध्ये त्यांच्या प्राबल्यानुसार वाटली जात असे. एखाद्याने गरज नसताना शंभर वॉटने हाक दिल्यास उपग्रह त्याचाच आवाज मोठा करतो व पाच वॉटवाल्या इतरांचे बोलणे बुडते. शिवाय विद्युतघटावर अकारण ताण पडतो. म्हणून 'स्वतःचा परतणारा आवाज ऐकत राहा आणि कळेल एवढीच शक्ती वापरा' हा संकेत जगभर पाळला जातो. रेडिओचालक बोलत असतानाच आपला आवाज उपग्रहावरून ऐकत असतो. तो दीपसंकेताहून, म्हणजे उपग्रहाच्या स्वतःच्या अखंड संकेताहून, प्रबळ होऊ लागला की त्याने शक्ती उतरवावी, अशी अपेक्षा असते.

हा संकेत केवळ सौजन्यावर सोडलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कतारच्या एस्हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हौशी सेवेसाठी ट्रान्सपाँडर आहेत. फेब्रुवारी २०१९ पासून ते 'क्यूओ-१००' या नावाने खुले झाले. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा प्रदेश त्याच्या टप्प्यात येतो. मुंबईहून तो नैऋत्य-पश्चिमेस क्षितिजाच्या सुमारे ३३ अंश वर असतो व भूस्थिर असल्याने तेथे अँटेना फिरवावी लागत नाही. या ट्रान्सपाँडरवर 'लैला' नावाची एक यंत्रणा देखरेख करते. कोणाचा संकेत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास ती त्याच्याच वारंवारतेवर भोंग्याचा आवाज सोडते. तो अपराध्यास ऐकू येतो आणि इतर सर्वांनाही!

विद्युतघटाचे आयुष्य

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी प्रक्षेपित झालेला ऑस्कर-७ हा १९८१ मध्ये विद्युतघटात मंडल-संक्षेप, म्हणजे शॉर्ट सर्किट, होऊन निमाला. २१ जून २००२ रोजी एका ब्रिटिश रेडिओचालकास त्याचा संकेत अकस्मात ऐकू आला. घटातील जोड कालांतराने तुटून सूर्यपट्ट्यांचा प्रवाह पुन्हा यंत्रांपर्यंत पोहोचू लागला होता. तेव्हापासून हा उपग्रह उन्हात असेतो बोलतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच गप्प होतो. हॅमसॅटच्या वाट्याला असे पुनरुज्जीवन आलेले नाही. त्याचे लिथियम-आयन घट निकामी झाल्याने ११ जुलै २०१४ रोजी, नऊ वर्षांहून अधिक सेवेनंतर, त्याचे कार्य समाप्त झाले. त्या नऊ वर्षांत भारतीय ट्रान्सपाँडरवरून युरोपातील माणसे एकमेकांशी बोलत होती, ही बाब आपल्याकडे पुरेशी नोंदली गेली नाही.

महाविद्यालये आणि परस्पर ऋण

हॅमसॅटनंतर हौशी वारंवारतांशी भारतीय संबंध टिकवून धरला तो बव्हंशी शैक्षणिक संस्थांनी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ द्वारे, तर आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला कक्षेत गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हे 'प्रथम'चे उद्दिष्ट होते व त्यासाठी इतर महाविद्यालयांनीही आपापली भूस्थानके उभारावीत अशी योजना होती. मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचे 'बिलीफसॅट-०' हे हौशी रेडिओ उपकरण १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ च्या चौथ्या टप्प्यावर बसून गेले. जुलै २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून बंगळूर व शिलाँग येथील विद्यार्थ्यांशी संवाद साधला तोही हौशी रेडिओवरूनच.

या यादीने समाधान मानण्यापूर्वी एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. कमी उंचीवरील उपग्रह त्याच्या निर्मात्या महाविद्यालयास चोवीस तासांत एकूण एक तासही दिसत नाही. उरलेला सर्व वेळ तो इतरांच्या आकाशात असतो. प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, उपग्रह जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नसताना, जपान, ब्राझील किंवा जर्मनीतील अपरिचित श्रोत्यांनी पाठविलेली टिपणे अनेकदा निर्णायक ठरतात. ही मदत विनामूल्य मिळते. हौशी वारंवारता मोफत आहेत एवढ्याच कारणास्तव त्या वापरून, दूरमापनाची लिपी प्रसिद्ध न करता केवळ आपलीच माहिती खाली उतरवून घेणारा उपग्रह हा तांत्रिकदृष्ट्या यशस्वी असला तरी त्यास हौशी सेवेचा उपग्रह म्हणणे कठीण आहे. या दृष्टीने 'स्वयम्'चे उद्दिष्ट अधिक उचित वाटते, कारण रेडिओचालकांना परस्परांस संदेश पाठविता यावेत, हाच त्याच्या रचनेचा हेतू होता.

ज्या महाविद्यालयास उपग्रह बांधणे शक्य नाही त्यासही ऐकणे शक्य आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची यागी अँटेना, संगणकास जोडावयाचा लहानसा सॉफ्टवेअर रेडिओ आणि कक्षामूल्यांवरून उपग्रहाची वेळ सांगणारी आज्ञावली एवढे साहित्य त्यास पुरते. प्रक्षेपण करावयाचे असेल तर मात्र परवाना अनिवार्य आहे. एका फेरीत वारंवारतेच्या नोंदी घेऊन काढलेला डॉप्लर आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा आडवा पडतो; त्याचा सर्वांत तीव्र उतार ज्या क्षणी असतो त्या क्षणी उपग्रह सर्वांत जवळ असतो व त्या उतारावरून ते अंतरही काढता येते. केप्लरच्या नियमाचा ताळा विद्यार्थ्यास स्वतःच्या वहीत असा मिळतो. त्याच फेरीत टिपलेली दूरमापनाची माहिती मात्र वहीत ठेवून उपयोगाची नाही. ती त्याच दिवशी उपग्रहाच्या निर्मात्यांकडे पाठवावी लागते, कारण तिकडे पुढील फेरी येईपर्यंत तिचीच वाट पाहिली जात असते.