पाऊल, पेडल आणि फरशी

जुलैतली रविवारची सकाळ. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून आल्यावर एका टपरीपुढे सायकल टेकवली आणि चहासाठी चार पावलं टाकली. पायात रोड सायकलचे बूट होते आणि टपरीपुढच्या शहाबादी फरशीवर पावसाचं पाणी साचलं होतं. तिसऱ्याच पावलाला उजवा पाय सटकला. टपरीच्या बांबूला धरलं म्हणून पडलो नाही. ज्या बुटांनी अख्खा घाट माझं पाऊल पेडलवर घट्ट धरून ठेवलं होतं, त्यांना सपाट फरशीवर नीट उभंही राहता येत नव्हतं.

चहा घेताना एक बूट काढून उलटा करून पाहिला. तळवा कार्बनचा, दोन्ही हातांनी जोर लावला तरी न वाकणारा. चवड्याखाली तीन स्क्रूंनी बसवलेला प्लॅस्टिकचा त्रिकोणी तुकडा, म्हणजे क्लीट. ती तळव्याच्या बाहेर आलेली असते, त्यामुळे चालताना शरीराचा सगळा भार तेवढ्या तुकड्यावर आणि टाचेच्या छोट्या ठोकळ्यावर येतो. साध्या बुटाचं रबर मऊ असतं, ते फरशीच्या खडबडीत कणांभोवती दबून बसतं आणि त्याच्या खाचांतून पाणी बाजूला निघून जातं. कडक प्लॅस्टिकला यातलं काहीच जमत नाही. ते पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं, आणि पाय घसरतो.

‘सायकल चालवायला इतके बूट कशाला?’ असं लोक विचारतात, तेव्हा मला ही फरशी आठवते. माझ्या दारात सायकलच्या बुटांचे तीन जोड आहेत. त्यातला एकही हौसेपोटी घेतलेला नाही, हे मी मनापासून सांगतो.

चालण्याचं आणि पेडल मारण्याचं काम मुळातच वेगळं आहे. चालताना प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते आणि पाऊल चवड्यापाशी वाकतं. म्हणून चालण्या-पळण्याचे बूट तिथे वाकतील असे आणि टाचेखाली धक्का शोषतील असे बनवतात. पेडलवर टाच कुठे आपटत नाही आणि पाऊल वाकण्याचीही गरज नसते. तिथे हवा असतो दाब पसरवणारा तळवा. थोडा हिशेब करू. 200 वॅट ताकद लावत, मिनिटाला 90 फेरे घेत, 170 मिलिमीटरच्या क्रँकवर सायकल चालवली, तर पेडलवर सरासरी सुमारे 125 न्यूटन बल पडतं, म्हणजे साधारण 12-13 किलो वजनाइतकं. प्रत्यक्ष खाली दाबण्याच्या क्षणी ते दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतं. तीन तासांच्या राईडमध्ये एकेका पायाने हे 16,200 वेळा होतं. मऊ तळव्याचा बूट घातला, तर चिमुकल्या पेडलचा आकार हळूहळू तळपायाला जाणवू लागतो.

मग जितका कडक तळवा तितका चांगला? दुकानात असंच सांगतात, पण ते पूर्ण खरं नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन तळव्याच्या आणि प्लॅस्टिक तळव्याच्या बुटांत पायाखालचा दाब मोजला होता. कार्बनमध्ये चवड्याखालचा कमाल दाब सुमारे 18 टक्क्यांनी जास्त भरला. न वाकणारी पाटी पावलाच्या उंचसखल आकाराशी जुळवून घेत नाही, त्यामुळे चवड्याच्या हाडांखाली भार एकवटतो. त्यात उन्हाने आणि तासन्तास बसून पाऊल सुजलं, की बोटांकडे जाणाऱ्या नसा चेपल्या जातात आणि तळपायाची आग सुरू होते. जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, आणि लांब पल्ल्यावर ते दीड-दोनशे किलोमीटरनंतर कळतं. मला ते 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडमध्ये, कळलं. रात्री एका ढाब्यावर बूट काढून थंड जमिनीवर पाय टेकवले, तेव्हा कुठे बोटं आपली वाटू लागली. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, 600 ला 40 तास. एवढा वेळ जो पायात राहणार, तो बूट थोडा सैल आणि तळव्याला थोडा लवचीक असावा. वाटेतल्या नियंत्रण केंद्रावर उतरून शिक्का घ्यायला, पाणी भरायला चालावंही लागतंच.

आजच्या क्लीटची गोष्ट सुरू झाली बर्फावर. पूर्वीचे स्पर्धक पेडलवरच्या धातूच्या पिंजऱ्यात पाऊल घालून चामडी पट्टा आवळत. पडताना तो सोडवायला हात खाली न्यावा लागे. लुक ही फ्रेंच कंपनी स्कीचे बूट अडकवण्याच्या पकडी बनवायची. पाय मुरगळला की आपोआप सुटणारी ती युक्ती तिने 1984 मध्ये सायकलच्या पेडलवर आणली. 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो याने याच पेडलवर जिंकली. 1990 मध्ये जपानच्या शिमानोने डोंगरी सायकलसाठी एसपीडी पेडल आणलं. त्यात धातूची लहान क्लीट दोन स्क्रूंनी बसते आणि रबरी तळव्याच्या खाचेत आत लपते, त्यामुळे चिखलातून, पायऱ्यांवरून चालता येतं. तीन स्क्रूंची आणि दोन स्क्रूंची क्लीट एकमेकींच्या पेडलवर बसत नाही. दोन सायकली असलेल्यांच्या घरी दोन जोड येतात ते मुख्यतः याच कारणाने.

आता एका गैरसमजाविषयी. पाय पेडलला अडकवला की वर येतानाही खेचता येतं आणि ताकद वाचते, असं प्रत्येक नव्या सायकलस्वाराला सांगतात. मलाही सांगितलं होतं. 2007 च्या एका प्रयोगात सायकलस्वारांना मुद्दाम वर खेचायला लावलं, तेव्हा बल पेडलच्या दिशेने चांगलं लागलं, पण त्यासाठी शरीराला उलट जास्त ऊर्जा खर्चावी लागली. 2016 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी पळण्याचे बूट आणि सपाट पेडल, तेच बूट पिंजऱ्याच्या पेडलवर, आणि सायकलचे बूट क्लीटसह, अशी तुलना केली. मध्यम वेगात तिन्हींना लागणाऱ्या ऊर्जेत फरक आढळला नाही. त्याच विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात मात्र पूर्ण ताकदीच्या छोट्या स्प्रिंटमध्ये क्लीटच्या बुटांनी स्पष्टपणे जास्त ताकद दिली. रोज ऑफिसला किंवा पर्वतीपर्यंत जाणाऱ्याला क्लीटने दम वाचेल, हे म्हणणं टिकत नाही. शर्यतीत शेवटच्या 200 मीटरला झेपावणाऱ्याला ती हवीच. वेलोड्रोमवरचे स्प्रिंटर तर क्लीट असूनही वरून पट्टा आवळतात, पाय उखडला जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या टोकाला डोंगरउतारावरची सायकल. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सपाट पेडलवर डाउनहिलचा विश्वविजेता झाला, तोही एकदा नव्हे, 2006, 2007 आणि 2010 अशा तीनदा. तिथे कुलपाचं काम बुटाच्या तळव्याचं मऊ रबर करतं. पेडलवरच्या बारीक खिळ्यांभोवती ते रबर दबतं आणि धक्का बसला तरी उसळून सुटत नाही, कारण दाबाची ऊर्जा ते स्वतःत जिरवतं. प्रस्तरारोहणाच्या बुटांचं रबरही याच गुणाचं असतं. पोहणं, सायकल आणि पळणं लागोपाठ असलेल्या ट्रायथलॉनचे बूट आणखी वेगळे. गोव्यात 2019 पासून होणाऱ्या आयर्नमॅन 70.3 या शर्यतीत पाहा, काहींचे बूट सायकलच्या पेडलवर आधीच अडकवून ठेवलेले असतात आणि रबरबँडने आडवे धरलेले. समुद्रातून आलेला खेळाडू ओलाच पाय चालत्या सायकलवर आत सरकवतो आणि एकच रुंद पट्टा ओढतो.

जोड वाढले की एक जबाबदारीही वाढते आणि तिकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. प्रत्येक जोडात क्लीट त्याच जागी आणि त्याच कोनात हवी. क्लीट काही अंश तिरकी बसली, तर गुडघा प्रत्येक फेऱ्याला तेवढाच पिळला जातो. तो 16,200 चा आकडा आठवा. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये पिवळी 6 अंश फिरू देते, निळी 2 अंश, लाल अजिबात नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पिवळीच घ्यावी. तळव्याची जाडीही जोडागणिक वेगळी असते, तेव्हा बूट बदलला तर सीटची उंची काही मिलिमीटर बदलावी लागते. झिजलेली क्लीट काढण्याआधी तिच्याभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा, नवी नेमकी तिथेच बसते.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, पावसाळा. शनिवारी भिजलेला बूट रविवारी पहाटे ओलाच असतो. ओल्या बुटात चार तास पाय ठेवला की कातडी भिजून सुरकुतते, सोलवटते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आतली गादी काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. तरीही पावसाळ्यात दुसरा जोड लागतोच.

पहिला जोड घेणाऱ्याला माझं सांगणं एकच. दोन स्क्रूंच्या क्लीटचा, रबरी तळव्याचा, चालता येईल असा बूट घ्या, आणि तो संध्याकाळी, पाऊल थोडं फुगलेलं असताना घालून पाहा. शर्यतीचा बूट नंतर घेता येईल. आणि जोड कितीही असोत, राईडच्या आदल्या रात्री 4 मिलिमीटरची ॲलन की घेऊन क्लीटचे सगळे स्क्रू घट्ट आहेत का पाहा. स्क्रू ढिला असेल, तर पाय वळतो, पण क्लीट पेडलमध्येच राहते, आणि सिग्नलला थांबताना पाय सुटत नाही.